नदीतलं बेट, पाच वर्षांचा नर आणि साडेसहा तास

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा जवळ आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑफिसांत रजेचे अर्ज वाढतात. कारण कुणी विचारत नाही. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्याला विचारत नाहीत, तसंच. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ तेव्हा भरात असतो. एरवी रात्रीशिवाय न दिसणारे जुने नर त्या दहा-पंधरा दिवसांत भर दुपारीही हिंडतात. धनुष्याने शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालू असतो, पण खरी गर्दी या दिवसांतली.

मी सांगलीकडचा, गेली बारा वर्षं मॅडिसनला. शिकारीला लागलो ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे शिकारीचा परवाना घेण्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्या वर्गात बारा-बारा वर्षांची पोरं आणि मी एका बाकावर होतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे सगळं बंद आहे आणि ते बंदच राहावं असं माझं मत आहे. तिथली जनावरं आणि तिथली माणसं यांचं गणित वेगळं आहे. पण हे प्रकरण इथलं आहे. तीन हंगाम एका नरामागे घालवले, त्यात काय चुकलं, काय जमलं आणि शेवटी काय हाती लागलं, ते नोंदवहीतून उतरवून काढतो आहे.

जागा

लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे म्हणजे प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत विस्कॉन्सिन नदीचा ९२ मैलांचा पट्टा. १९८९ मध्ये राज्याने तो संरक्षित केला. सगळा पट्टा सरकारी नाही, पण नदीकाठच्या मोठ्या भागात कुणीही परवाना खिशात घालून जाऊ शकतो. एका अर्थी आपलं गायरान, आणि अडचणही गायरानाचीच: सगळ्यांचं म्हणजे गर्दीचं. माझी जागा लोन रॉक आणि अ‍ॅव्होका या गावांच्या मधली. यापेक्षा नेमकं सांगणार नाही, वाचणारे समजून घेतील.

तिथे नदी एका धारेने वाहत नाही. जुने फाटे, साचलेली डबकी, वाळूची बेटं, चंदेरी मेपलचं जंगल आणि छातीपर्यंत येणारं गवत. पूर आला की निम्मं पाण्याखाली. शरद ऋतूत वाळूच्या पट्ट्यांवर क्रौंच पक्षी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात, आणि पहाटे त्यांचा असा काही गलका उठतो की घड्याळ लागत नाही.

राज्याच्या जमिनीवर, निदान दक्षिणेकडच्या या भागात, झाडावरचं मचाण रात्री तसंच ठेवून जाता येत नाही. रोज बांधायचं, रोज सोडून न्यायचं. मक्याचं आमिष टाकायलाही या जिल्ह्यांत बंदी आहे, कारण हरणांचा एक रोग. त्याच्याकडे नंतर येतो.

नर मोठा म्हणजे काय

शिंगांवरून मोठेपणा मोजायची इथे मोठी हौस. बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब १८८७ चा, थिओडोर रूझवेल्ट त्याच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या कायमच्या नोंदवहीत पांढऱ्या शेपटीच्या, नेहमीच्या घडणीच्या शिंगांच्या नराला किमान १७० गुण लागतात. धनुष्यवाल्यांच्या पोप अँड यंग क्लबाला १२५ पुरतात. फितीने इंच मोजायचे, दोन बाजूंत फरक असेल तर वजा करायचे. हिशेब एखाद्या तलाठ्याला शोभेल असा.

पण शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. चांगलं खाणं आणि चांगलं रक्त असलं, तरी त्यांना जाड व्हायला वर्षं लागतात. म्हणजे मोठा नर शोधणं हे खरं तर म्हातारा नर शोधणं असतं. सार्वजनिक जमिनीवर बरेच नर शिंगांच्या पहिल्याच वर्षी, दीड वर्षाचे असताना मारले जातात. ज्याने तिथे चार-पाच हंगाम काढले, त्याला माणूस कळलेला असतो. गाडीचं दार लागल्याचा आवाज, पार्किंगपासूनची पायवाट, रविवारची संध्याकाळ, सगळं. हे मला पहिली दोन वर्षं डोक्यात शिरलं नाही, कारण मी हरणाचा अभ्यास करत होतो. माणसांचा करायला हवा होता.

दोन वाया गेलेले हंगाम

पहिल्या वर्षी गवताच्या कडेला खरवडलेल्या जागांची एक ओळच सापडली. नर पुढच्या पायांनी पाचोळा उकरून काळी माती उघडी पाडतो, तिच्यात मुततो आणि वर लोंबणाऱ्या फांदीला तोंड आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो. हरणांची ही एक प्रकारची सूचनापाटी. शेजारच्या देवदाराचं खोड मांडीएवढं जाड, आणि त्याची साल सोलून निघालेली. पोरसवदा नर एवढ्या जाड झाडाशी सहसा झुंजत नाही. मी हरखलो, समोरच्या झाडावर नऊ दिवस बसलो. तिथे लावलेल्या कॅमेऱ्याने मला त्याची ओळख करून दिली: उजव्या शिंगाला बुडाशी एक आखूड, वाकडा काटा. सगळे फोटो रात्री अकरा ते पहाटे चारमधले. आज वाटतं, पहिल्याच फोटोवरून उठायला हवं होतं. खरवडलेली जागा तो कुठे आला होता ते सांगते. उजेडात कुठे असेल, ते सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी आवाज काढायची नळी घेतली. नराच्या घुमण्यासारखा आवाज येतो तिच्यातून. ६ नोव्हेंबरला सकाळी तो ऐंशी यार्डांवर दिसला. मी नळी वाजवली. तो थांबला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मोठा वळसा घालून माझ्या वाऱ्याखाली, म्हणजे माझा वास पोचतो त्या बाजूला, गेला. मग एकदाच फुस्स करून नाकातून हवा सोडली आणि शेपटी वर. कोवळा नर आवाजामागे धावत येतो. म्हातारा आधी वास घेऊन खात्री करतो.

आमच्या शेजारच्या निवृत्त दुधवाल्या शेतकऱ्याला आम्ही घरात तात्या म्हणतो. नॉर्वेजियन वळणाचं त्यांचं खरं नाव माझ्या आईला कधी उच्चारता आलं नाही, तेव्हापासून. सत्तरी ओलांडलेले, साठ हंगामांचा अनुभव. मी सगळी रडकथा सांगितली. ते म्हणाले, "तू जिथे बसतोस तिथे पोचायला किती मिनिटं लागतात?"

"वीस."

"मग तिथे सगळेच पोचतात. पार्किंगमध्ये बसून एक शनिवार नुसता बघ. धनुष्य नेऊ नकोस."

पार्किंगमधला शनिवार

मी बसलो. थर्मासमधला चहा आणि नोंदवही. साडेसहाला धनुष्यवाले तीन, सगळे त्याच पायवाटेने. पावणेआठनंतर फेझंट पक्ष्यांचे शिकारी, कुत्र्यांसह. या गवताळ भागात राज्य सरकार फेझंट सोडतं, त्यामुळे शनिवार-रविवारी ही मंडळी ओळीने गवत तुडवत जातात. म्हणजे आपला हाकाच, फक्त हाकारे आपण हाका घालतोय हे जाणत नाहीत. कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा, शिट्ट्या, मधूनच बार. आणि सव्वाआठच्या सुमाराला दुर्बिणीतून मला तीन माद्या दिसल्या. मान वर काढून फाट्यातून पोहत पलीकडच्या बेटावर जात होत्या. अजिबात न घाबरता, बस पकडायला निघाल्यासारख्या.

त्या बेटावर चालत जाता येत नाही. फाटा कमरेपेक्षा खोल आणि तळाला गाळ. दुसऱ्या दिवशी होडीने गेलो. पंचवीसेक एकरांचं बेट, वायव्येकडे थोडा उंचवटा, त्यावर गवतात हरणं बसून दबलेले गोल खळगे, काही अजून उबदार. लेंड्या लहान आणि सुट्या. माद्यांचं घर. बेटाच्या आग्नेय कडेला एक वाट, आणि वाटेवरच्या कोवळ्या विलोंची साल सोललेली.

मग नकाशा डोळ्यांसमोर उभा राहिला. माजावर आलेल्या मादीचा अवधी जेमतेम दिवसभराचा. तेवढ्यात जमलं नाही तर साधारण २८ दिवसांनी ती पुन्हा येते. नराला रोज पुष्कळ माद्यांची चौकशी करावी लागते, आणि शहाणा नर प्रत्येकीजवळ जात नाही. त्या जिथे बसतात त्या जागेच्या वाऱ्याखालून एक फेरी मारली की एका श्वासात सगळ्यांची खबर मिळते. वारा वायव्येचा असेल तर ती फेरी आग्नेय कडेनेच होणार. आणि त्या कडेच्याही पलीकडे, पाण्यालगतच्या मेपलवर मी बसलो, तर माझा वास जाणार कुठे? पाण्यावर. तिथे घ्यायला नाक नाही.

कॅमेरा लावला आणि महिनाभर तिकडे फिरकलो नाही. हे सगळ्यात अवघड गेलं.

९ नोव्हेंबर

शनिवार, वायव्येचा वारा. ही दोन्ही जुळण्याची वाट बघत मी तिसऱ्या हंगामातले दोन चांगले दिवस घरी बसून काढले होते. एका दिवशी थंडी सुरेख होती, पण वारा दक्षिणेचा. तात्यांनी फोन करून विचारलं, घरीच आहेस ना? मी म्हणालो हो. बरं, म्हणाले, आणि ठेवला.

पहाटे चारला होडी पाण्यात सोडली. बसायला लाकडी मचाण नाही, जाड पट्ट्यांचा झोळीसारखा पट्टा असतो. तो खोडाला बांधून झाडाशी पाय टेकवून लोंबकळत बसायचं. वजन कमी आणि रोज सोडायला सोपा. अठरा फुटांवर पोचेपर्यंत घाम आला, मग जॅकेट उघडून तो वाळेपर्यंत कुडकुडत राहिलो.

उजाडलं, क्रौंच उठले. सात वाजता एक दीड वर्षाचा नर आला, नाक जमिनीला लावून, जत्रेत हरवल्यासारखा. आठ वाजून पाच मिनिटांनी पलीकडून पहिली शिट्टी. साडेआठला दोन माद्या पाण्यातून वर आल्या, अंग झाडलं, उंचवट्याकडे गेल्या. त्यांतली एक शेपटी तिरकी धरून चालत होती. माजावर आल्याची ही खूण मला तात्यांनी दाखवलेली.

नंतर दोन तास काही नाही. अशा वेळी धनुष्यवाले खाली उतरतात, घरी जातात, जेवतात. माजाच्या काळात हाच वेळ सोन्याचा, कारण सकाळची मंडळी गेलेली असते आणि नर उठून पुन्हा फेरीला निघतो. हे मी वाचलेलं होतं, पण पाय बधिर झाले की वाचलेलं आठवत नाही. मी उतरलो नाही, त्याचं खरं कारण म्हणजे होडीपर्यंत जाताना त्या माद्यांना उठवावं लागलं असतं.

दहा वाजून अडतीस मिनिटांनी विलोमधून आधी शिंग दिसलं. बुडाशी वाकडा काटा. तो धावत नव्हता. चार पावलं, थांबणं, नाक वर. मान फुगलेली, मागच्या पायांचे आतले केस मुताने काळे झालेले. पाठीचं हाड दिसत होतं. या दिवसांत नर खाणं जवळपास सोडतात आणि वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा घालवतात. तो वळून उंचवट्याकडे बघायला लागला, तेव्हा मी धनुष्य खेचलं. बावीस यार्ड.

इथे चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तो किंचित तिरका उभा होता, पुढचा भाग माझ्याकडे. अशा वेळी खांद्याच्या आतल्या बाजूला जागा फार थोडी असते. अजून दोन पावलं थांबायला हवं होतं. नाही थांबलो. बाण सुटला आणि लागला तो मला वाटलं त्यापेक्षा वीतभर मागे.

तो उडाला नाही. पाठ कमानीसारखी केली, तीस यार्ड चालत गेला, थांबला, शेपटी खाली. मग गवतात शिरला.

साडेसहा तास

छातीत बाण लागलेलं जनावर बेफाम पळतं आणि शंभर-दीडशे यार्डांत पडतं. कमान करून चालत जाणारं जनावर म्हणजे यकृत किंवा पोट. मी अर्धा तास झाडावरच थांबलो, उतरून फक्त बाण बघितला आणि फोटो तात्यांना पाठवला. पिसांवर रक्त गडद, जवळजवळ काळपट तांबडं. फेस नाही. नाकाशी धरला तर हिरवट घाण वास नाही.

फोन आला. "यकृत. पोटात गेला असता तर वास आला असता. आता तिथून निघ."

"रात्री पाऊस सांगितलाय. माग धुऊन जाईल."

"नऊच्या पुढे सांगितलाय. आत्ता गेलास तर तो उठेल, नदीत उतरेल, पलीकडे जाईल. पलीकडची जमीन कुणाची?"

पलीकडची जमीन खासगी होती. मालकाच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, मग आपलं जनावर डोळ्यांसमोर पडलेलं का असेना. यकृताला लागलेल्या हरणाला चार ते सहा तास द्यायचे, असा इथला दंडक. ते जवळच कुठेतरी आडवं होतं आणि कुणी छेडलं नाही तर तिथेच संपतं. आपण अधीर झालो की ते उठतं, आणि दुसऱ्यांदा उठलेलं जनावर सहसा सापडत नाही. कोल्ह्यासारख्या कायोटींची भीती होती, पावसाची होती. पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा आणायची इथे मुभा आहे, पण बेटावर होडीतून कुत्रा आणायचा तर तो माझ्या ओळखीत कुणाकडे नव्हता.

मी वाऱ्याखालच्या बाजूने होडीपर्यंत गेलो आणि होडीने नदीत जाऊन थांबलो. तीन अंश तापमानात, वाळूच्या पट्ट्यावर, एक पराठा आणि उरलेला चहा यांवर. आजपर्यंतच्या कुठल्याही प्रतीक्षेपेक्षा ही वाईट, कारण पलीकडे एक जनावर मरत होतं आणि ते किती वेळ मरणार हे माझ्या दोन पावलांच्या घाईने ठरलं होतं. सुट्टीचा आनंद म्हणून आलेला माणूस हे कुणाला सांगत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी, अंधारात, धनुष्य होडीत ठेवून फक्त दिवा घेऊन गेलो. पहिलं रक्त गवताच्या पात्यावर, गुडघ्याच्या वर, वाळून शाईसारखं झालेलं. मग दहा पावलं काहीच नाही. शेवटच्या थेंबाला टॉयलेट पेपरचा तुकडा बांधायचा, मागे वळून तुकड्यांची रेघ कुठे रोखलीय ते बघायचं, आणि त्या दिशेने पुढचा थेंब शोधायचा. एके ठिकाणी दबलेलं गवत आणि हातभर रुंद डाग. तो तिथे बसला होता, आणि स्वतःच उठून पुढे गेला होता. तिथून चाळीस पावलांवर, पाण्यापासून हाताच्या अंतरावर, दिव्यात त्याचं पोट पांढरं दिसलं.

एकूण अंतर १६० यार्ड. मी अकरा वाजता गेलो असतो तर तो नदीत असता.

नंतरचं

ऐंशी किलोंचं धूड होडीत घालण्याची कथा वेगळी आहे, ती सांगत नाही. तात्या धक्क्यावर कंदील घेऊन उभे होते. जबडा उघडून दाढांवर अंगठा फिरवला. झिजून कपासारख्या झालेल्या. "पाच तरी. साडेपाच म्हण." शिंगांची माझी मोजणी १३८ गुणांची. बून अँड क्रॉकेटच्या जवळपासही नाही, आणि सार्वजनिक जमिनीवर मला पुन्हा एवढा मिळेल असंही नाही.

हरणाची नोंदणी ते हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. ती ऑनलाइन केली. मग मानेच्या काही इंचांसह डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, तपासणीच्या पेटीत टाकलं. शिंगं आधी कापून घेतली होती.

तपासणी ज्या रोगाची, त्याला इथे सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) म्हणतात. मेंदूतली प्रथिनं चुकीच्या घडीची होत जातात. जनावर दीड-दोन वर्षं ठणठणीत दिसतं, मग वाळत जातं. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये तो पहिल्यांदा आढळला, तोही इथून तासाभराच्या अंतरावर, माउंट होरेबजवळ. शिजवून तो जात नाही. माणसाला झाल्याचं एकही उदाहरण नोंदलेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नका असं आरोग्य खात्याचं सांगणं आहे. आणि सगळ्यात जास्त तो आढळतो तो वयस्क नरांमध्ये.

हे मला आधी माहीत होतं. तीन वर्षं मी वय शोधत होतो. वयानेच तो शहाणा झाला होता, वयानेच त्याची शिंगं जाड झाली होती. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मी नीट वाचला नव्हता.

निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. सत्तावीस किलो, गुलाबी कागदात गुंडाळून, प्रत्येकावर बायकोने मार्करने लिहिलं होतं: मांडी, खिमा, रस्सा, पाठ (फक्त पाहुण्यांना). दोनदा तिने विचारलं, एक पुडा काढू का. दोनदा मी थांब म्हणालो.

बाराव्या दिवशी ईमेल आला. बाधित.

पुडे काळ्या पिशव्यांत भरले. कचरा डेपोवर टाकायला जायचं होतं. तिने एक एक पुडा फ्रीझरमधून माझ्या हातात दिला. काही बोलली नाही, फक्त "पाठ" आली तेव्हा जरा थांबली.

त्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला. रविवारी संध्याकाळी तात्यांनी त्यांच्या शेतावर मारलेल्या दोन माद्यांपैकी एक आमच्या गॅरेजात आणून टांगली. दीड वर्षाची, दाढा धारदार. तिचंही डोकं पिशवीत गेलं, तिच्याही चिठ्ठीवर आकडा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला, आढळला नाही. मार्कर सापडत नव्हता, म्हणून या वेळी बायकोने लेबलं पेन्सिलीने लिहिली.